कार्लोवी वारी अर्ध्या दिवसात उरकू नका

प्रश्न असा आला आहे: ठाण्याचं एक जोडपं सत्तरीकडे झुकलेल्या आई-वडिलांना घेऊन सप्टेंबरात प्रागला जातंय. वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब, आईंचे गुडघे दुखतात. कार्लोवी वारी या चेक देशातल्या गरम झऱ्यांच्या गावाला सकाळी जाऊन रात्री परत यावं का, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात आईंच्या गुडघ्यांना आराम पडेल का, आणि ते पाणी प्यायलं तर चालेल का?

मध्य युरोपात मराठी मंडळींना घेऊन फिरणं हाच माझा बरीच वर्षं धंदा आहे, त्यामुळे आडवळणं न घेता सांगतो. एक रात्र तिथे राहा. कुंड नाही. पाणी चाखा, पण वडिलांना चाखण्यापुरतंच द्या. आता कारणं.

गरम पाण्याचे झरे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गणेशपुरी-अकलोली येते, नाहीतर कोकणातलं तुरळ-राजवाडी. पायऱ्या उतरायच्या, कुंडात शिरायचं, गंधकाचा वास घेत बसायचं. आमच्या गटातले निम्मे लोक याच अपेक्षेने टॉवेल पिशवीत टाकून कार्लोवी वारीत उतरतात. तिथे मात्र माणसं चांगले कपडे घालून, हातात छोटासा कप धरून, नदीकाठाने हळूहळू चालताना दिसतात. हे प्रामुख्याने पाणी पिण्याचं गाव आहे. अंघोळीचे उपचार आहेत, पण ते इमारतींच्या आत, वेळ ठरवून, पैसे भरून. रस्त्यावर दिसतं ते फक्त पिणं आणि चालणं.

असं का झालं, हे कळलं की गावाची रचनाही उलगडते. बोहेमियाचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट चौथा चार्ल्स याने चौदाव्या शतकाच्या मध्यात हे गाव वसवलं आणि १३७० मध्ये त्याला सनद दिली. शिकारीत हरणामागे धावणारा कुत्रा गरम पाण्यात पडला आणि झरा सापडला, ही दंतकथा प्रत्येक गाइड सांगेल. ऐका आणि सोडून द्या. पुढची काही शतकं लोक इथे मुख्यतः डुंबायला यायचे, तेही तासन् तास. १५२२ मध्ये वात्स्लाव पायर नावाच्या वैद्याने पुस्तक लिहून पाणी प्यावंही, असा सल्ला दिला. पण खरा बदल अठराव्या शतकात याच गावात जन्मलेल्या डॉक्टर दाविद बेखरने घडवला. त्याचं म्हणणं असं, की पाणी खोलीवर मागवून पिऊ नका, झऱ्यापाशी जाऊन ताजं प्या, आणि पिता पिता चाला.

हे ‘चाला’ फार महत्त्वाचं ठरलं. शेकडो लोक रोज सकाळी पाणी पीत चालणार, तर पावसाचं काय? म्हणून कॉलोनेड उभ्या राहिल्या. कॉलोनेड म्हणजे खांबांवर छप्पर असलेली लांबलचक ओसरी, जिच्यात झरे नळाने आणून सोडलेले असतात. चालणाऱ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून वाद्यवृंद आला. इथला सिंफनी ऑर्केस्ट्रा १८३५ पासूनचा आहे. मग कॅफे, चिनीमातीच्या कपांची दुकानं, डोंगरातल्या जंगलात आखलेल्या पायवाटा. अख्खं गाव एका डॉक्टरी सल्ल्याभोवती बांधलं गेलं, असं म्हटलं तरी चालेल. २०२१ मध्ये युनेस्कोने सात देशांमधल्या ११ गावांना ‘युरोपातली थोर स्पा-नगरं’ म्हणून एकत्रित वारसा दर्जा दिला, त्यात हे आहे. इंग्लंडचं बाथ आणि जर्मनीचं बाडेन-बाडेनही त्याच यादीतले.

म्हणूनच सकाळी दहाला बसमधून उतरून दुपारी तीनला परत चढणाऱ्यांबद्दल मला वाईट वाटतं. ते नेमके भर गर्दीत पोहोचतात. कॉलोनेडमध्ये सेल्फीकाठ्यांची झुंबड, झऱ्यापाशी रांग, आणि लोकल गाइड पुढे चला पुढे चला म्हणतोय. या गावाचा खरा कारभार सकाळी न्याहारीआधी चालतो. उपचाराला आलेले लोक तेव्हा रिकाम्या पोटी आपापल्या ठरवून दिलेल्या झऱ्यावर येतात, कप भरतात, चार घोट घेतात, फेरी मारतात, पुन्हा भरतात. अशा वेळी तुम्हीही आई-वडिलांना घेऊन त्यांच्यात मिसळा. तेवढ्यासाठी एका रात्रीचं हॉटेल काढणं परवडतं.

आता पाणी. पावसाचं पाणी ग्रॅनाइटच्या भेगांमधून दोनेक किलोमीटर खोल मुरतं, तिथे तापतं, खडकातले क्षार विरघळवून घेतं, आणि खोलातून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर वर उसळतं. सगळ्यात मोठा झरा व्र्झीदलो. मिनिटाला सुमारे २,००० लिटर पाणी, तापमान ७२-७३ अंश सेल्सिअस, आणि फवारा १२ मीटरपर्यंत उडतो. आता हे पाणी बोअरमधून वर येतं. हवेशी गाठ पडताच त्यातला वायू निसटतो आणि क्षारांचा थर जमू लागतो, त्यामुळे नळ आणि बोअर सारखे साफ करावे लागतात. जुन्या गावाच्या पोटात याच क्षारांचा जाड दगडी थर आहे. त्याच्यावरच घरं उभी आहेत. या गुणाचा धंदाही झाला आहे. कागदाची गुलाबं काही दिवस या पाण्याखाली ठेवली की तांबूस तपकिरी दगडासारखी होतात, ती दुकानात मिळतात. सुंदर म्हणवत नाही, पण स्वस्त, टिकाऊ आणि दुसरीकडे न मिळणारी वस्तू आहे.

गावात पिण्यायोग्य डझनभर झरे आहेत आणि प्रत्येकावर नाव आणि तापमानाची पाटी. मग लोक विचारतात, यकृताला कुठला, साखरेला कुठला? खरं सांगायचं तर रसायनाच्या दृष्टीने सगळ्यांचं पाणी जवळपास एकच आहे. फरक तापमानाचा आणि विरघळलेल्या वायूचा. हादी म्हणजे सापाचा झरा सर्वात थंड, ३० अंशांच्या आसपास, आणि त्यात वायू जास्त. मिल कॉलोनेडमधले पाच झरे ५० ते ६५ अंशांच्या पट्ट्यातले. तिथले डॉक्टर म्हणतात, कोमट झरे पोट साफ करतात आणि गरम झरे पोटातला स्राव मंदावतात. त्यानुसार कोणाला कुठला झरा, किती, दिवसातून किती वेळा, हे लिहून देतात. हा उपचार साधारण तीन आठवड्यांचा असतो. चेक सरकारी आरोग्य विम्यातून आजही काही आजारांवर लोकांना इथे पाठवलं जातं. त्यामुळे कप घेऊन चालणाऱ्या आजीबाई पर्यटकच असतील असं समजू नका, त्यांच्या पर्समध्ये डॉक्टरची चिठ्ठी असू शकते.

चव? कोमट, खारट, थोडी लोखंडी. लिंबू-साखर नसलेलं, मीठ जास्त पडलेलं, गरम केलेलं सोडावॉटर. पहिल्या घोटाला सगळे तोंड वाकडं करतात. नंतर काहींना आवडायलाही लागतं, आणि धोका तिथेच आहे. पाणी फुकट, झरे उघडे, त्यात आपल्या लोकांची ‘इतक्या लांब आलोय तर पिऊन घेऊ’ ही वृत्ती. बाराही झऱ्यांचं कपभर पाणी पिण्याची पैज लावणारे मी पाहिले आहेत, आणि परतीच्या प्रवासात बस कुठे कुठे थांबवावी लागली तेही. कृपा करून हे करू नका. कप फार भरू नका, प्रत्येक झऱ्याचे दोन घोट घ्या, उरलेलं ओतून द्या. दिवसभरात सगळं मिळून पाऊण-एक पेला म्हणजे पुष्कळ.

तुमच्या वडिलांसाठी वेगळं सांगतो. या पाण्यात लिटरमागे सहा ग्रॅमहून जास्त क्षार असतात आणि त्यात सोडियमचा वाटा मोठा आहे. रक्तदाबासाठी घरी मीठ मोजून खाणाऱ्या माणसाने हे पाणी औषधी आहे म्हणून भरपूर प्यावं, यात काही अर्थ नाही. इथे मधुमेही रुग्णांवर उपचार होतात हे खरं, पण ते स्थानिक डॉक्टरच्या देखरेखीखाली, आहार आणि चालण्यासकट. दोन दिवसांच्या पाहुण्याची साखर त्याने उतरत नाही. त्यांनी प्रत्येकी एक-दोन घोटांत दोन-तीन झरे चाखावेत आणि गोळ्या नेहमीच्या साध्या पाण्यानेच घ्याव्यात. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. तो सल्ला माझ्यापेक्षा वरचा.

कप मात्र घ्याच. त्याला लाझेन्स्की पोहारेक म्हणतात. चिनीमातीचा, चपटा, आणि त्याची मूठ पोकळ. त्या मुठीच्या टोकातूनच पाणी ओढायचं. पाणी अरुंद नळीतून येताना थोडं निवतं आणि दातांवर कमी लागतं, कारण क्षारांनी दात डागाळतात. मुठीचं तोंड घासून गुळगुळीत आहे का, हे बोट फिरवून बघा. ६० अंशांचं पाणी भरल्यावर कप चांगलाच तापतो, तेव्हा आईंच्या हातात अर्धाच भरून द्या. प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून हॉटेलवर नेणारे असतात. वायू निघून जातो, खाली गाळ बसतो, आणि दाविद बेखरचा सल्लाही वाया जातो.

गुडघ्यांचं बघू. चांगली बातमी अशी की नदीकाठचा मुख्य रस्ता जवळजवळ सपाट आहे. टेप्ला नदी अरुंद दरीतून वाहते, दोन्ही काठांना रंगीत इमारतींच्या रांगा, आणि सगळे झरे याच पट्ट्यात. थर्मल हॉटेलपासून ग्रँड हॉटेल पुपपर्यंत दीड-दोन किलोमीटर अंतर, बहुतेक भाग वाहनांना बंद. जागोजागी बाकं आहेत. वाईट बातमी अशी की दगडी फरसबंदी आहे आणि काठ सोडला की लगेच चढ लागतो. म्हणून हॉटेल निवडताना फोटोपेक्षा नकाशा बघा. ‘मध्यवस्तीपासून ३०० मीटर’ म्हणजे ३०० मीटर उभा चढही असू शकतो. बुक करण्याआधी लिफ्ट आहे का आणि दारापर्यंत टॅक्सी येते का, एवढं विचारा. बूट चालायचेच घ्या. पावसात तो दगड निसरडा होतो.

कुठून सुरू करावं? प्रागची बस तुम्हाला त्र्झ्नित्से थांब्यावर सोडेल. तिथून थर्मल हॉटेल जवळ आहे. काँक्रीटची ती उंच इमारत १९७० च्या दशकातली, आणि दर वर्षी जुलैच्या सुरुवातीला भरणाऱ्या चित्रपट महोत्सवाचं ते मुख्य ठिकाण. (१९४६ पासूनचा महोत्सव, त्या आठवड्यात हॉटेलं मिळत नाहीत आणि मिळाली तर भाव ऐकून परत फिराल. सप्टेंबर त्या मानाने उत्तम.) तिच्यासमोरच्या बागेत लोखंडी नक्षीची सादोवा कॉलोनेड, हादी झरा तिथेच. पाणी चाखायची सुरुवात इथून करा, कारण हे सर्वात सौम्य. मग नदीच्या उलट दिशेने चालत मिल कॉलोनेड.

ही मात्र निवांत बघा. योसेफ झीतेक या वास्तुरचनाकाराने १८७१ ते १८८१ या काळात बांधलेली, १३२ मीटर लांब, १२४ खांबांची. प्रागचं राष्ट्रीय नाट्यगृहही त्याचंच. वर छतावर बारा महिन्यांचे बारा पुतळे आहेत. लोक खांबांचे फोटो काढतात आणि वर मान करत नाहीत. पाऊस असेल तर मला ही जास्त आवडते, कारण मग तिचा उपयोग कळतो. पुढे बाजाराची कॉलोनेड, पांढऱ्या लाकडी जाळीकामाची, फेलनर आणि हेल्मर या व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकार जोडगोळीची. या दोघांनी या गावात इतकं बांधलं आहे की एखादी इमारत कोणाची हे माहीत नसेल तर बिनधास्त त्यांचं नाव घ्यावं, निम्म्या वेळा बरोबर निघतं. इथे चौथ्या चार्ल्सच्या नावाचा झरा आहे आणि त्याच्यावर ती कुत्र्याची दंतकथा कोरलेली.

त्याच्या शेजारी व्र्झीदलोची कॉलोनेड. काच आणि काँक्रीटची १९७५ ची इमारत. समाजवादी राजवटीच्या काळात तिला सोव्हिएत अंतराळवीर युरी गागारीनचं नाव होतं. तो इथे येऊन गेला होता. याच जागी आधी फेलनर-हेल्मरचीच बिडाची सुंदर कॉलोनेड होती, ती १९३९ मध्ये उतरवली आणि धातू युद्धाच्या कामी गेला. बहुतेकांना ही नवी इमारत कुरूप वाटते. मला वाटत नाही. आत शिरल्यावर वाफेने धुरकटलेल्या काचा आणि समोर उसळणारा फवारा, याला साधी पेटीच बरी. व्र्झीदलोचं पाणी थेट ७२ अंशांचं असतं, पण आत तेच पाणी निववून सोडलेले नळही आहेत. आई-वडिलांनी तेच घ्यावं. इमारतीत अधूनमधून दुरुस्तीची कामं निघतात, तेव्हा जाण्याआधी हॉटेलवर विचारून घ्या. जवळच मारिया माग्दालेनाचं बरोक चर्च आहे, किलियान इग्नात्स दिन्त्सेनहोफरचं. पाच मिनिटं आत बसा, आईंच्या पायांनाही विसावा.

तिथून पुढे स्तारा लौका हा जुना उच्चभ्रू रस्ता पुपपर्यंत जातो. जर्मन कवी गटे इथे पुन्हा पुन्हा येत राहिला, संगीतकार बेटहोवन १८१२ मध्ये आला, कार्ल मार्क्स १८७४ पासून सलग तीन उन्हाळे यकृताच्या तक्रारीसाठी. संगीतकार बाखची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. १७२० मध्ये तो आपल्या राजपुत्राबरोबर इथे आला होता. घरी परतला तेव्हा पत्नीचं निधन होऊन दफनही झालेलं होतं. भिंतींवरच्या पाट्यांमध्ये हे सगळं वाचायला मिळत नाही, म्हणून सांगितलं. एक मात्र वाचायला मिळेल: जुन्या पाट्यांवरचं जर्मन आणि दुकानांवरचं रशियन. १९४५ पर्यंत हे मुख्यतः जर्मन बोलणाऱ्यांचं कार्ल्सबाद होतं, युद्धानंतर त्यांना घालवून दिलं गेलं. रशियन पाहुणे तर झारच्या काळापासूनचे, त्यांचं सोनेरी घुमटांचं चर्च १८९० च्या दशकातलं.

पुपजवळून डियाना टेकडीवर फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे, जाते, १९१२ पासून. वर मनोऱ्यात लिफ्ट आहे. आईंना जंगल आणि दरी बघण्यासाठी एक पायरीही फारशी चढावी लागणार नाही.

अंघोळीचं राहिलं. पोहण्यासाठी पाचव्या क्रमांकाचं स्नानगृह, म्हणजे आल्झ्बेतिनी लाझ्ने, किंवा थर्मलचा उघड्यावरचा तलाव. गुडघ्यांसाठी टबमधली खनिज स्नानं घेता येतात. पाणी अंगाला सोसवेल असं कोमट, साधारण वीस मिनिटं, नंतर चादरीत गुंडाळून पडून राहायचं. बरं वाटतं, झोपही छान लागते. एका स्नानाने गुडघा बरा होईल असं मात्र मी कुणालाही सांगत नाही. वेळ आदल्या दिवशीच घ्या, आणि वडिलांचा रक्तदाब तिथल्या माणसांना आधी सांगा. आणखी एक, आपल्या लोकांना आधी सांगावंच लागतं: तलावात पोहण्याचे कपडे चालतात, पण सौनामध्ये चेक लोक कपड्यांशिवाय, फारतर चादर गुंडाळून बसतात. स्त्री-पुरुष एकत्रही असतात. सासू-सासऱ्यांना घेऊन चुकून त्या दारातून आत जाऊ नका.

खाण्यात शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत, पण सूप जपून. भाजीच्या सूपलाही हाडांचा अर्क असू शकतो. स्विच्कोवा हा चेक लोकांचा आवडता पदार्थ गोमांसाचा असतो. तळलेलं चीज म्हणजे स्माझेनी सीर, बटाट्याची धिरडी म्हणजे ब्राम्बोराक आणि फळं भरलेले उकडलेले गोळे म्हणजे क्नेडलीकी मिळतात. ओप्लात्की, म्हणजे ताटाएवढे पातळ गोड वेफर, दुकानात गरम करून देतात. वडिलांना एकातला तुकडा पुरे. बेखेरोव्का या १८०७ पासूनच्या वनस्पतींच्या मद्याला गावकरी ‘तेरावा झरा’ म्हणतात. त्यात ३८ टक्के अल्कोहोल आहे, आणि त्याचा बेखर वेगळा, आपला डॉक्टर नव्हे. बाटलीबंद पाणी घेताना नेपेर्लिवा लिहिलेलं घ्या, नाहीतर बुडबुड्यांचं हाती येईल.

प्रागच्या फ्लोरेन्स स्थानकावरून बसला सव्वादोन तास लागतात. ट्रेन लांबून फिरून जाते, तीन तासांहून जास्त; आई-वडिलांना बसच बरी. मोठ्या बॅगा प्रागच्या हॉटेलात ठेवून एका पिशवीनिशी निघा. जाताना शनिवारची रात्र टाळा, आठवड्यातला मधला दिवस घ्या, आणि परतीचं तिकीट दुपारनंतरच्या बसचं आधीच काढून ठेवा, म्हणजे सकाळी झऱ्यांवर घड्याळ बघावं लागणार नाही.